हाकेच्या अंतरावरचे वैर

दिवाळी उरकली की आमच्या वरळीच्या बीडीडी चाळींत कबड्डीचे वारे वाहू लागतात, आणि कबड्डीचे वारे वाहू लागले की दोन प्रकारच्या माणसांचे पीक येते. पहिला प्रकार म्हणजे आपला संघ पहिला सामना हरला की त्याच रात्री कर्णधार बदलायला निघणारा. दुसरा प्रकार म्हणजे कपाळाला आठ्या घालून, “कशाला हवी ही चाळीचाळींतली चुरस? आपण सगळे एकच ना?” असे विचारणारा. पहिला उतावळा, दुसरा सोवळा. या दोघांशीही माझे भांडण आहे. फराळाच्या ताटापाशी भांडण काढू नये हा संकेत मला ठाऊक आहे. पण हंगाम काही ताट उचलले जाईपर्यंत थांबत नाही. वाचकांनी चकली खात खात ऐकावे, माझी हरकत नाही.

माझे म्हणणे असे की, प्रतिस्पर्धी हाकेच्या अंतरावरचा असावा आणि आपल्या संघाचा निवाडा संक्रांतीच्या आधी करू नये. वरवर पाहता या दोन निराळ्या गोष्टी. पण जो संघ आपल्या जिन्यावरून उतरून मैदानावर जातो, तो का हरला हे आपल्याला ठाऊक असते. कोणाची रात्रपाळी होती, कोणाचा घोटा सुजला होता, कोणाच्या घरी आजारपण होते, हे सारे गॅलरीत उभे राहून कळते. मग शिव्या देतानासुद्धा माणूस हात राखून देतो. ज्यांना हे काहीच ठाऊक नसते, त्यांच्याजवळ फक्त गुणफलक उरतो, आणि गुणफलकाला दयामाया कुठली?

ज्यांनी आमच्या चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळीत त्या १२१ होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. चाळीला नाव नाही, नंबर. त्यामुळे माणसाची पहिली ओळख आडनावाने होत नसे, नंबराने होई, आणि संघाची ओळखही तीच. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब नि १० मीटर रुंद असते. आमच्या हिशेबाने जवळजवळ नऊ खोल्या झाल्या! एवढी मोकळी जागा सात जणांना मिळते म्हटल्यावर पोरे तिकडे धावणार नाहीत तर काय करतील? ना बॅट, ना बूट, ना पॅड. गिरणगावात हा खेळ रुजला तो या हिशेबाने. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, भोंगे गेले, गिरण्यांचे संघही गेले. पण मंडळे राहिली. दादरचे विजय क्लब, अमर हिंद, लालबागचे अंकुर ही नावे आजही इकडच्या शेंबड्या पोराला पाठ असतात. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळासाठी जन्म वेचला. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. तो भर पावसात येतो, आणि तेव्हा मैदानावर गुडघाभर चिखल असतो, हा भाग वेगळा.

आता उतावळ्यांकडे वळू.

हंगामाच्या तोंडाशी संघ अडखळतो तो का? चार महिने पावसाने मैदान बंद. ज्यांना एखाद्या हॉलमध्ये मॅट मिळाली ते पायात बूट घालून सराव करतात. ज्यांना नाही मिळाली ते गच्चीवर जोर-बैठका काढतात. पाऊस सरला की माती चाळायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, चुन्याची रेघ ओढायची. मॅटवर पाय चिकटतो, मातीत सरकतो. एका आठवड्यात मातीवरची स्पर्धा आणि पुढच्या आठवड्यात मॅटवरची, असे झाले की पायाला कळत नाही आपण कुठे आहोत. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो आणि तो चार बोटे कमी पडतो. गेल्या फेब्रुवारीत तोच पाय कमी पडत नव्हता.

पण खरी अडचण पकडीची. चढाई एकट्याची असते. ती एकट्याने गच्चीवर घोटता येते. पकड ही सात जणांची असते. कोपऱ्यातल्याने घोट्यावर झडप घातली आणि कव्हरमधला अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईवाला दोघांनाही ओढीत मध्यरेषेला बोट लावतो आणि दोन माणसे घेऊन जातो. कव्हरमधला अर्धा क्षण आधी आला तर कोपऱ्याला झेप घ्यायला जागाच उरत नाही. तो अर्धा क्षण कुठल्याही पुस्तकात नाही. शेजाऱ्याच्या हाताला हात लावून उभे राहायचे, त्याच्या बोटांच्या ताणावरून तो आता सुटणार की थांबणार हे ओळखायचे. ही साखळी बसायला दीड-दोन महिने लागतात आणि ती हरता हरताच बसते. त्यातून अर्धी पोरे दिवसभर दुचाकीवरून लोकांच्या घरी डबे नि पार्सले पोचवणारी. काहींची कुटुंबे केव्हाच कल्याण-विरारला गेलेली. ती पोरे लोकलला लोंबकळत सरावाला येतात. यांच्याकडून पहिल्याच रविवारी घड्याळाच्या काट्यासारखी पकड मागणारा गृहस्थ स्वतः कचेरीत सुट्टीनंतरचा पहिला सोमवार कसा काढतो, ते मला एकदा पाहायचे आहे.

हे सारे मी गमतीने लिहितो आहे असे कोणी समजू नये. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा, माझ्याच वर्गातून गेलेला, सतराव्या वर्षी एका मंडळाच्या संघात आला. मंडळाचे नाव सांगत नाही. हंगामाचा पहिला सामना. पहिल्या चढाईत पकडला गेला. दुसऱ्यांदा त्याला तिसऱ्या चढाईला पाठवले, म्हणजे गुण आण नाहीतर बाद हो, अशा वेळी. पुन्हा पकडला गेला. झाले! पुढचे सबंध तीन महिने तो पाण्याच्या बाटल्या वाटीत होता. कोणी तरी त्याची ती दुसरी चढाई मोबाइलवर टिपून, खाली गाण्याचा तुकडा लावून, चाळभर फिरवली. आईने पाहिली, बहिणीने पाहिली. पुढच्या वर्षी तो मैदानाकडे फिरकला नाही. आता एका मॉलच्या दाराशी उभा असतो. रखवालदारी हलकी नव्हे, घामाची भाकर आहे. पण त्या पोराच्या डाव्या पायाची लाथ मी पाहिली आहे, आणि त्या मंडळातल्या शहाण्यांनी ती पाच सामने पाहायचे कष्ट घेतले नाहीत, हे मी कोणत्याही सभेत उभा राहून सांगायला तयार आहे. मुलींचे तर याहून कठीण. शिवशक्तीसारख्या महिला संघांच्या नावाचा दबदबा आहे म्हणून बरे; एरवी पोरगी पहिला सामना हरून घरी आली की “आता पुरे, अभ्यासाला बस” हे ऐकवायला घर टपलेलेच असते. पहिला पराभव हे घराला मिळालेले निमित्त!

उतावळ्यांना दाखले हवे असतील तर दूर जायला नको. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना आमच्या वरळीतच, एनएससीआयच्या स्टेडियममध्ये झाला. यू मुंबाने जयपूरच्या संघाला ४५-३१ असे लोळवले. चौदा गुणांची हार! त्या रात्री जयपूरकरांनी कर्णधार बदला, प्रशिक्षक बदला, मालक बदला असे म्हटले असते तर कोणी त्यांना वेडे म्हटले नसते. पाच आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, त्याच छपराखाली, त्याच दोन संघांत अंतिम सामना झाला आणि जयपूरने तो ३५-२४ असा जिंकला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला विश्वचषक झाला. भारत पहिलाच सामना कोरियाकडून ३२-३४ असा हरला. पंधरा दिवसांनी इराणला ३८-२९ असे हरवून चषकही भारतानेच उचलला. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने २०१५ साली पहिले चारही सामने गमावले आणि स्पर्धा जिंकली. तेव्हा आमच्या चाळीत किती जणांनी चौथ्या सामन्यानंतर निळे सदरे धुवायला टाकले होते, त्याची यादी माझ्याकडे आहे. नावे छापीत नाही, सणाचे दिवस आहेत.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचे असेच वेड आहे. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि धावणाऱ्याला आडवे करण्याचा खेळ. आपल्या कबड्डीचा दांडगट चुलतभाऊच म्हणा ना. तिथे ओहायो आणि मिशिगन या दोन शेजारी राज्यांच्या विद्यापीठांचे वैर १८९७ पासूनचे. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून अधिक माणूस बसतो. २०१४ च्या मोसमात ओहायोचा संघ दुसराच सामना स्वतःच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ असा हरला आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेता झाला. दहा वर्षांनी तर याहून मौज. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा संघ घरच्या मैदानावर मिशिगनकडून, म्हणजे साक्षात वैऱ्याकडून, १३-१० असा हरला. प्रशिक्षकाला हाकला म्हणून गिल्ला झाला. दोन महिन्यांच्या आत तोच प्रशिक्षक आणि तोच संघ देशाचे विजेतेपद घेऊन परतला. म्हणजे उतावळेपणा हा काही आमच्या बीडीडी चाळींचाच रोग नव्हे. फक्त आमच्याकडे त्याला बळी पडणारे पोर सतरा वर्षांचे असते आणि त्याचा पगार शून्य असतो.

प्रो कबड्डीत कित्येक हंगाम एक सुरेख नियम होता. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळे. झुंजून हरलास, हा घे तुझा मान. २०२५ च्या हंगामात जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला शून्य असा सरळ व्यापारी हिशेब आला. ज्यांना कळते त्यांनी तो केला असेल. मला तो आवडला नाही.

आता सोवळ्यांकडे. यांचे म्हणणे असे की ही गल्लीबोळांतली चुरस मागासलेली. आता शहराचा संघ असावा, राज्याचा असावा, सगळ्यांनी मिळून एका रंगाचा सदरा घालावा. असावा की! यू मुंबा २०१५ साली विजेता झाला तेव्हा मीही ओरडून घसा बसवून घेतला होता. त्या संघाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. आम्ही त्याला परका मानला नाही. इराणचा फझल अत्राचली आमच्याकडून खेळला, कर्णधार झाला, त्याच्या घोट्याच्या पकडीवर आमची पोरे लुब्ध झाली. २०२२ साली लिलावात पुणेरी पलटणने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले आणि तो पुण्याचा कर्णधार झाला. मुंबईचा कर्णधार पुण्याला! वास्तविक चाळीत त्या दिवशी चूल पेटायला नको होती. पण कोणी हूं की चूं केले नाही. “बरे झाले, चांगले पैसे मिळाले त्याला,” एवढे बोलून लोक कामाला लागले. का? तर रागावण्याइतके त्याचे नि आमचे नाते जडलेच नव्हते. याउलट आमच्या मंडळाचा एखादा पोरगा रस्त्यापलीकडच्या मंडळात गेला तर सहा महिने त्याला कोणी चहा पाजीत नाही, आणि सातव्या महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नात सगळे वाढपी म्हणून उभे असतात. याला मी वैर म्हणतो. ते लिलावात विकत मिळत नाही.

आणि हा शहराचा संघ शहरात असतो तरी किती? २०२१-२२ चा सबंध हंगाम साथीमुळे बंगळूरच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांवाचून पार पडला. त्याला इलाज नव्हता. पण २०२४ साली अकरावा हंगाम झाला तो हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे. २०२५ साली बारावा झाला तो विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे. मुंबईच्या नावाचा संघ, आणि मुंबईत एक सामना नाही! वरळीचे स्टेडियम आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. ते आहे तिथेच आहे. जो संघ आम्हांला दिसतच नाही त्याच्या पराभवात आम्ही वाटेकरी कसे व्हावे?

सोवळ्यांना मी कॉलेजच्या कबड्डीकडे बोट दाखवतो. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही, तेव्हा कॉलेजांचे सामने मी कुंपणाबाहेर उभा राहूनच पाहिले. पण कुंपणाबाहेरून खेळ चांगला दिसतो. आमच्या भागातली पोरे परळच्या एमडीला नाहीतर दादरच्या कीर्तीला जातात. तिथे काय होते, तर ज्या दोन मंडळांचे दहा वर्षांचे हाडवैर, त्यांचे दोन वीर एकाच कॉलेजच्या सदऱ्यात येतात. उजव्या कोपऱ्यात आमचा, डाव्या कोपऱ्यात त्यांचा. पहिले काही आठवडे दोघे एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. एकाने झेप घेतली की दुसरा मुद्दाम पाहत राहतो. अर्थातच कॉलेज हरते आणि कॉलेजातले उतावळे ओरडू लागतात. पण जानेवारी उजाडू द्या. ही जोडी अशी काही जमते की समोरच्याला पाय टाकायला जागा राहत नाही. कशी जमते? अहो, या दोघांनी लहानपणापासून एकमेकांचाच तर अभ्यास केलेला असतो! तो कधी डाव्या पायावर भार घेतो, कधी हूल देतो, कधी त्याचा दम संपत येतो, हे त्याच्या सख्ख्या भावाला ठाऊक नसेल इतके वैऱ्याला ठाऊक असते. मित्राकडे आपण असे टक लावून कधी पाहतो?

“पण मास्तर, यातूनच डोकी फुटतात,” असे सोवळे म्हणतात. फुटतात, मी नाही म्हणत नाही. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉलचे वेड पाहावे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की अर्धे शहर एकीकडे नि अर्धे दुसरीकडे. तिथे दगडफेकीही झाल्या आहेत, हाणामाऱ्याही झाल्या आहेत. ज्याने दगड उचलला त्याला पोलिसांनी उचलावा. त्यात खेळाचा काय अपराध? आणि आमच्या वरळीला खऱ्या वैराची ओळख नाही असे थोडेच आहे! १९७४ च्या जानेवारीत याच चाळींत दंगल पेटली होती. माझा जन्म त्यानंतरचा. पण जुनी माणसे त्या दिवसांविषयी अजून आवाज खाली आणून बोलतात. ती आग कबड्डीच्या मैदानावर लागली नव्हती. जातीपातीचे आणि राजकारणाचे ते वैर, त्याला ना पंच होता, ना शिट्टी, ना चाळीस मिनिटांनी सामना संपण्याची सोय. मैदानावरच्या वैराला चुन्याची रेघ असते. रेघेबाहेर पाऊल पडले की बाद.

आता मूळ दुखण्याकडे येतो. चाळी पडत आहेत. पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्याला ५०० चौरस फुटांचे घर नको म्हणायचा हक्क कोणाला आहे? २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तेव्हा म्हाताऱ्या बायका नव्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवीत होत्या, आणि ते पाहून मलाही भरून आले. पण चाळीस मजली इमारतीत चाळीचा नंबर राहत नाही. पोरे कुठल्या मजल्यावर राहतात हे खालून दिसत नाही, गॅलरीतून हाक मारून सातवा गडी बोलावता येत नाही. उद्वाहनाची वाट पाहत उभे राहावे लागते. काही कुटुंबे संक्रमण शिबिरात, काही भाडे घेऊन दूर उपनगरात. हंगामाच्या तोंडाशी संघ जमवायचा तर आता लोकलच्या तीन मार्गांवरून माणसे गोळा करावी लागतात. अशा संघाकडून उतावळे अजूनही पहिल्या रविवारी विजय मागतात, आणि सोवळे समाधानाने म्हणतात की बरे झाले, मिटली एकदाची चुरस.

मोटारींसाठी मजलेच्या मजले ठेवणाऱ्यांना माझे मागणे फार नाही. प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी नऊ खोल्यांएवढी माती ठेवा. तिच्यावर फरशी घालू नका, हिरवळ लावू नका, “खेळण्यास मनाई” अशी पाटी लावू नका. जांबोरी मैदान सभांना द्या, उत्सवांना द्या, पण हिवाळ्याच्या संध्याकाळी पोरांना द्या. आणि नव्या इमारतींना फुलांची, नद्यांची, नाहीतर इंग्रजी टेकड्यांची नावे देण्याआधी जुने नंबर कुठे तरी दाराशी कोरून ठेवा. पोरांना कोणाविरुद्ध खेळायचे ते कळायला हवे.

आमचा यंदाचा पहिला सामना दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. उजव्या कोपऱ्यातला पोरगा नवा आहे, कव्हरमधल्याची रात्रपाळी अजून सुटलेली नाही. पलीकडच्या चाळीचा संघ बरा आहे असे ऐकतो. त्यांचे दोघे जण डोंबिवलीहून येऊन महिनाभर सराव करीत आहेत. बहुधा आम्ही हरू. ज्यांना यायचे त्यांनी सात वाजता यावे, आणि मोबाइल खिशात ठेवावा.